पंप आणि लायटर एकाच कप्प्यात

दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दम्याचा पंप सापडतो. टोपण नाही. तोंडात धरायच्या भागात कसलातरी तपकिरी चुरा अडकलेला असतो. नखानं काढून नाकाशी नेला की तंबाखूचा वास येतो. त्याच कप्प्यात बडीशेपेची पुडी, अर्धी संपलेली डिओची बाटली आणि तळाशी लायटर. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईला त्या क्षणी फक्त लायटर दिसतो. पुढचा आठवडा आरडाओरडा, अबोला, मोबाइल जप्त, 'थांब, बाबांना येऊ दे' यात जातो. पंपाचं हरवलेलं टोपण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मला आधी त्या टोपणाबद्दल बोलायचं आहे. उघडा पंप खिशात फिरला की त्याच्या तोंडाशी धूळ, चुरा, कधी एखादी बारीक वस्तू जाऊन बसते आणि पुढचा पफ मारताना ती थेट घशात जाऊ शकते. शिवाय टोपण नसलेला पंप बहुतेक वेळा घाईत, आडोशाला, कुणी बघू नये म्हणून वापरलेला असतो. दमा असलेलं मूल सिगारेट ओढायला लागलं की घरासमोर दोन कामं येतात. त्याचा श्वास सुरक्षित ठेवायचा, आणि सिगारेट सुटायला त्याला मदत करायची. पहिलं काम आज रात्रीचं आहे, दुसरं काही महिन्यांचं. आपण नेमकं उलटं करतो, आणि वर पहिलं काम दुसऱ्याच्या अटीवर ठेवतो. 'सिगारेट ओढायला दम आहे ना, मग पंप कशाला हवा?' हे वाक्य रागाच्या भरात कुणाच्याही तोंडून निघू शकतं. मूल त्यातून एवढंच शिकतं की धाप लागली तरी घरी सांगायचं नाही. उपचारांवर कसलीही अट नको. आज सकाळी त्याने ओढली असली तरी संध्याकाळचा पंप त्याला मिळालाच पाहिजे.

आपल्याकडे पंपाची लाज फार लहानपणी लावली जाते. 'पंपाची सवय लागते' हे काकू म्हणते, शेजारचे आजोबा म्हणतात, कधी औषधाच्या दुकानातला माणूसही म्हणतो. पाहुणे आले की पंप कपाटात जातो. पीटीच्या तासाला सर त्याला बाजूला बसवतात. असा मुलगा अकरावीत गेला, क्लासच्या मधल्या सुट्टीत टपरीवर उभा राहिला आणि कुणी जळती सिगारेट पुढे केली, तर ती घेण्यात त्याला आजारी न दिसण्याची संधी दिसते. ज्याची सवय लागत नाही ते लपवायला आपणच शिकवलं, आणि जिची खरोखर लागते ती चारचौघांत ओढता येते असं त्याला दिसलं. त्याच्या जागी उभं राहून पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं होणार नाही.

सिगारेट दम्याच्या छातीत काय करते, ते नीट कळलं तर औषधांचाही उलगडा होतो. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. त्या सुजेवर बारीकसारीक कारणानं नळीचे स्नायू आवळतात, चिकट बेडका साठतो आणि छातीत शिट्टी वाजते. धुरानं सूज वाढते आणि बेडका वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात. याहून वाईट गोष्ट अशी की पंपातून श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी काम करतं. सूज उतरवण्याच्या कामात स्टेरॉइडला पेशीतल्या ज्या विकराची (एन्झाइमची) मदत लागते, तो धुरामुळे दुबळा होतो. म्हणजे मुलगा रोज पंप घेतो, तरी दमा आटोक्यात येत नाही. डॉक्टरांना सिगारेटचं ठाऊक नसतं, म्हणून ते मात्रा वाढवतात, मग आणखी एक औषध जोडतात. शेवटी 'या औषधानं काही फरक नाही' म्हणून घरचेच सगळं बंद करतात. फुप्फुसांची वाढ विशीपर्यंत चालू असते, त्यामुळे या वयात गमावलेली क्षमता नंतर पुरती भरून निघत नाही.

उलट बाजूही आहे, आणि मुलाला सांगायची ती हीच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दमा असलेल्या दहा प्रौढांनी सहा आठवडे सिगारेट सोडली. पहिल्या एका सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणारी त्यांची हवा, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ४०० मिलिलिटरनं वाढली. दहाच माणसं होती, तीही मोठी. पण सहा आठवडे ही मुदत सतराव्या वर्षीही डोळ्यांसमोर धरता येते. 'चाळिशीत कॅन्सर होईल' ही मुदत त्या वयात कुणालाच दिसत नाही.

म्हणून पहिली भेट डॉक्टरांची, आणि तीही अशी की दहा मिनिटं मुलगा एकटा आत बसेल. आईबाबांसमोर तो 'नाही' म्हणणार. एकटा असला की बऱ्याचदा सांगतो. डॉक्टरांना आधी फोन करून 'त्याच्याशी एकट्याशी बोला' म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. त्या भेटीत औषधांची फेरतपासणी व्हावी. बारा वर्षांपुढच्या रुग्णाला फक्त साल्ब्युटामॉलवर, म्हणजे नळी तेवढ्यापुरती उघडणाऱ्या पंपावर ठेवू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगतात. त्याऐवजी बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला जातो. सूज आणि आवळ दोन्हींवर एकाच पफमध्ये काम होतं. अधूनमधून, लपूनछपून औषध घेणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोलाचा आहे, कारण धाप लागली म्हणून त्याने पफ मारला तरी सोबत थोडं स्टेरॉइड आत जातंच. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरणाऱ्या घरांनी एवढं लक्षात घ्यावं: इथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आहे, एका पफमध्ये १०० किंवा २००. अटॅक येऊन दवाखान्यात गेल्यावर जी गोळी किंवा इंजेक्शन मिळतं, त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते.

घरात साल्ब्युटामॉलचाच पंप असेल तर तो मोजा. त्यात २०० पफ असतात. वर्षात तीन पंप संपले तर दमा हाताबाहेर चालला आहे. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा लागत असतील, तर जिवाला धोका आहे. बऱ्याच पंपांवर आकडा दाखवणारी खिडकी असते. नसेल तर पहिल्या दिवसाची तारीख त्यावर पेननं लिहून ठेवावी. पाण्यात टाकून तरंगतो का ते पाहू नये. त्यातून काही कळत नाही आणि पंप बिघडतो.

पंप घेण्याची रीत बहुतेकांची चुकते. हलवून घ्यायचा, नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर पत्रकात दिले आहेत तितके पफ हवेत सोडायचे. श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, ओठ घट्ट लावायचे, पंप दाबता दाबताच हळू आणि खोल श्वास आत ओढायला लागायचं, चार-पाच सेकंद. मग दहापर्यंत मोजत धरून ठेवायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटानं. शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, असला तर औषध घशात न चिकटता खाली उतरतं, पण सोळा-सतरा वर्षांचं मूल ते नळकांडं कॉलेजला नेणार नाही. मग ते घरी ठेवा, सकाळ-संध्याकाळचा डोस त्यातून द्या. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचं आणि फडक्यानं न पुसता तसंच निथळू द्यायचं. पुसलं की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. कॅप्सूलच्या पावडरीचं यंत्र असेल तर नियम उलटा: श्वास जोरात आणि झटकन ओढायचा, यंत्रात फुंकर घालायची नाही. पावसाळ्यात कॅप्सूल सादळतात, म्हणून वापरायच्या वेळीच पाकिटातून काढायच्या. आणि कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची.

रात्री दोन वाजता अटॅक आला तर 'किती ओढल्यास?' हा प्रश्न तोंडावर आणायचा नाही. ताठ बसवा, आडवं करू नका. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार पफ, पण एका वेळी एकच. प्रत्येक पफनंतर चार-पाच संथ श्वास. फरक नाही पडला तर वीस मिनिटांनी पुन्हा, आणि त्याच वेळी निघायची तयारी. (फॉर्मोटेरॉलचा एकत्रित पंप असेल तर किती पफ, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, तो कागद फ्रिजवर असावा.) एका श्वासात वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर झालेत, मूल गुंगीत जातंय, किंवा मघाशी वाजणारी छाती एकदम शांत झाली पण माणूस थकत चाललाय, यातलं काहीही दिसलं की वीस मिनिटं थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची, आणि वाटेतही पफ चालू ठेवायचे. गप्प झालेली छाती फसवी असते. हवाच आत जात नाही म्हणून शिट्टी थांबलेली असते. वाफ, छातीला बाम, गरम पाण्याची पिशवी यात वेळ घालवू नका.

आता सिगारेटचं. बोलणं समोरासमोर टेबलावर बसून नको. गाडीवर मागे-पुढे बसून, संध्याकाळी चालताना, भाजी निवडताना. जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे हे विषय निघतात.

'दप्तरात लायटर दिसला. मी ओरडणार नाहीये. आधी मला हे सांग, गेल्या आठवड्यात रात्री खोकून किती वेळा उठलास?'

'दोनदा... तीनदा. आई, बाबांना सांगू नकोस ना.'

इथे खोटं वचन देऊ नये. 'आज सांगत नाही. डॉक्टरांना सांगूया. बाबांना कधी आणि कसं सांगायचं ते तू ठरव, मी शेजारी बसेन' एवढं पाळता येतं. मुलगी असेल तर ही भीती दुप्पट असते. तिच्याबाबत घराची इभ्रत मध्ये येते आणि दमा बाजूलाच पडतो, म्हणून तिथे जास्तच जपून.

मग एक प्रश्न: 'सोडावीशी किती वाटते, शून्य ते दहात?' तो म्हणणार, 'तीन.' आपल्या जिभेवर येतं, 'फक्त तीन?' ते गिळायचं आणि विचारायचं, 'शून्य का नाही म्हणालास?' आता कारणं तो स्वतःच्या तोंडानं सांगतो: फुटबॉलला धावता येत नाही, तीन जिने चढलो की थांबावं लागतं, पैसे संपतात. ही कारणं आपल्या उपदेशापेक्षा टिकाऊ असतात, कारण ती त्याची आहेत. त्याच बोलण्यात सवय किती मुरली आहे तेही कळतं. उठल्यावर किती वेळानं पहिली लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे. सुट्टीत दोन दिवस आजीकडे राहिला तर चिडचिड होते का? रोज न ओढणाऱ्या मुलांमध्येही ही ओढ तयार झालेली असते, म्हणून 'आठवड्यातून दोनच' या आकड्यावर निर्धास्त होऊ नये. लपून लघवीची तपासणी करवणं, खोलीची झडती घेणं यातून फक्त लपवण्याची कला वाढते.

चार दिवस त्याने मोबाइलवर नोंद ठेवावी: वेळ, जागा, सोबत कोण, मनात काय होतं. बहुतेकदा दिसतं की निम्म्याहून जास्त सिगारेटी एकाच टपरीवर, एकाच कटिंग चहासोबत, त्याच तीन मित्रांत होतात. मग सोडायचा दिवस ठरवायचा, पुढच्या दोन आठवड्यांतला. 'परीक्षा झाल्यावर' नको. बारावीच्या वर्षाला सतत कुठलीतरी परीक्षा असतेच. आदल्या रात्री लायटर कचऱ्यात, जॅकेट आणि दप्तर धुवायला. खिशात पंप (टोपणासकट), पाण्याची बाटली, फुटाणे. सुपारी नको, आणि वास झाकायला फवारायचा डिओही नको, तो स्वतःच दम्याला चिथावतो. टपरीवर म्हणायचं वाक्य आधी घोकून ठेवलेलं बरं: 'सोडलीय रे, तू घे.' चार शब्द. दम्याचं कारण द्यायला त्याला लाज वाटत असेल तर देऊ नये.

शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच तगमग सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, भूक, अभ्यासात लक्ष नाही, झोप तुटक. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तल्लफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यायचं, जागा बदलायची, जिना उतरून यायचं. त्या तीन दिवसांत त्याने दार आपटलं तर घरच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं करावं. आणि चहा-कॉफी निम्मी करावी. धुरातली काही रसायनं यकृताला कॅफिन लवकर मोडायला लावतात. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त चढते, छाती धडधडते, आणि मूल म्हणतं 'सोडल्यानं त्रास होतोय'.

हाच हिशेब एका औषधालाही लागू आहे, आणि हे घरी कुणी सांगत नाही. आपल्याकडे दम्याला डेरिफायलिनची गोळी अजून सर्रास दिली जाते. तिच्यातलं थिओफायलिन यकृतात त्याच वाटेनं मोडतं. सिगारेट सुटली की रक्तातली त्याची पातळी चढते. मळमळ, उलटी, धडधड, हात थरथरणं. सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगून मात्रा बघून घ्यावी. दुसरी गोळी मॉन्टेल्युकास्ट. तिच्यामुळे काहींना उदासी, भयानक स्वप्नं, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सोडण्याच्या दिवसांतली चिडचिड आणि या गोळीचा परिणाम यांची गल्लत होते. मूल चिडचिडं न वाटता खोल उदास वाटलं, तर 'निकोटिनचं आहे, जाईल' म्हणत थांबू नये. त्याच दिवशी फोन करावा, डॉक्टरांना आणि गरज वाटल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ लाही.

निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगगम चिठ्ठीशिवाय मिळते, पण अठराच्या आत ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. घ्यायची झाली तर सलग चघळायची नसते: चार-सहा चावे, जिभेला झणझणलं की गालात ठेवायची, झणझण गेली की पुन्हा चावायची, साधारण अर्धा तास. गुटख्यासारखी चघळली की उचकी, मळमळ, आणि दुसऱ्याच दिवशी ती ड्रॉवरमध्ये पडते.

खोकला पहिल्या आठवड्यांत वाढू शकतो; मंदावलेले केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेलं वर येतं. तो खोकला की दमा, हे ओळखायला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारं साधं यंत्र, घरी हवा. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, एक जोराचा फुंकर. तीनदा, आणि त्यातला मोठा आकडा लिहायचा. सकाळी पंप घेण्याआधी आणि रात्री. बरं असतानाचा सगळ्यात चांगला आकडा समजा ४२० आहे. तर ३३६ च्या वर ठीक, २१० ते ३३६ मध्ये सावध होऊन लिहून दिलेली योजना सुरू करायची, २१० च्या खाली तातडी. बेडका येतोय पण आकडा जागेवर आहे, तर घाबरायचं कारण नाही. ही वही त्याची त्यानेच ठेवावी. आलेख वर चढताना त्याला दिसतो तेव्हा आपण तिथे नसलो तरी चालतं.

घरातला धूर मात्र आपला. बाबा बाल्कनीत ओढत असतील तर मुलाला सांगायचा त्यांचा हक्क तिथेच संपतो. दोघांनी एकाच दिवशी सोडली तर उत्तम. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, दिवाळीतले फटाके यांचाही हिशेब करावा. 'बिडी हलकी', 'हुक्का पाण्यातून गाळून येतो', 'व्हेपमध्ये फक्त वाफ असते' ही टपरीवरची तीन वाक्यं एकेक करून मोडावी लागतात. तेंदूच्या पानातून हवा कमी येते, म्हणून बिडी विझू नये यासाठी झुरके भराभर मारावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साइड, टार जास्त जातं. हुक्क्याचं पाणी धूर थंड करतं, गाळत नाही. वर कोळशाचा धूर वेगळा. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी ती मिळते, आणि तिच्यातली रसायनंही दम्याच्या नळीला झोंबतात. सिगारेट सोडून मावा धरला तर छाती थोडी सुटेल, निकोटिन तसंच राहील आणि तोंड पणाला लागेल.

कायद्याचा धाक मुलाला दाखवू नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणं हा विक्रेत्याचा गुन्हा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटींवरही बंदी घातली. मुलं पाकीट नव्हे, सुटी सिगारेटच घेतात. तक्रार करायची तर त्या टपरीची, पालकांनी मिळून.

आणि मदत एकट्यानं करायची नसते. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, फोन मोफत आहे. सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयासाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. दंत महाविद्यालयांतही तंबाखू सोडवायची केंद्रं असतात, आणि तिथे जाताना 'दात दाखवायला चाललोय' म्हणता येतं, हे काही मुलांना सोयीचं पडतं.

तिसऱ्या आठवड्यात, कुणाच्या तरी वाढदिवसाला, तो एक ओढून येईल. आला आणि आपणहून सांगितलं, तर आधी विचारायचं, 'छाती कशी आहे? पंप घेतलास?' मग पीक फ्लो. मग चहा टाकता टाकता, कुठे, कोण होतं, कशी हातात आली. सोडायचा दिवस पुन्हा उद्याचाच, वही तीच, पान पुढचं.